राजीनाम्याबरोबर बोनस परत द्यावा लागतो काय?

(कोलशेत, ठाणे येथील कामगार अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीचा राजीनामा देणाऱ्या माणसाकडून मालकाला आधी दिलेला बोनस परत मागता येतो काय, हा आजचा विषय आहे. कोलशेतमध्ये तो विचारणारे लोक दोन प्रकारचे आहेत. सँडोझ बागेतला कारखाना, जो पुढे क्लॅरियंटच्या नावाने चालला, आणि त्याच रस्त्यावरचा बायरचा कारखाना ही या भागाची एके काळची ओळख होती. आज येथे निवासी मनोरे उभे आहेत. मनोऱ्यात राहणारा बँकेतला किंवा संगणक कंपनीतला नोकरदार आणि त्याच मनोऱ्याच्या फाटकावर उभा राहणारा कंत्राटी रखवालदार, या दोघांच्याही कागदपत्रांत 'बोनस' हा शब्द असतो. शब्द एकच असला तरी त्यामागचा पैसा दोन निराळ्या प्रकारचा आहे. हा फरक समजला की निम्मे उत्तर मिळाले.

पहिला प्रकार कायद्याने मिळणाऱ्या बोनसचा. तो कोणी खुशीने दिलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी बोनस देण्यास सुरुवात केली. पुढे तो बंद करताच १९२४ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीने निर्णय दिला, की कामगारांना बोनसवर कोणताही हक्क सांगता येत नाही. बोनस ही बक्षिसी आहे, असाच त्याचा अर्थ. हा अर्थ बदलण्यास चार दशके लागली. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी ६३ दिवसांचा संप लढवला. १९६१ साली मेहेर आयोग नेमला गेला आणि १९६५ साली बोनस कायदा झाला. किमान बोनस त्यात ४ टक्के होता, तो १९७२ मध्ये ८.३३ टक्के झाला. आणीबाणीत १९७५ च्या वटहुकुमाने तो पुन्हा ४ टक्क्यांवर आणला गेला आणि १९७७ साली जनता सरकारने ८.३३ टक्के पूर्ववत केले. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. बोनस म्हणजे विलंबाने दिलेले वेतन, ही कामगार चळवळीची भूमिका या एका आकड्यात सामावलेली आहे.

आता कायदा पाहू. १९६५ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, ठरवून दिलेल्या वेतनमर्यादेच्या आत असलेल्या आणि वर्षात किमान तीस दिवस काम केलेल्या माणसाला बोनसचा हक्क आहे. हा हक्क केव्हा जातो, तेही कायद्याने मोजून सांगितले आहे: अफरातफर, आवारात दंगा वा हिंसक वर्तन, चोरी, मालमत्तेची नासधूस अशा कारणांनी बडतर्फी झाली तर. नव्या संहितेने लैंगिक छळाबद्दलच्या शिक्षेची त्यात भर घातली आहे. या यादीत राजीनामा नाही. मार्चपर्यंत काम करून एप्रिलमध्ये नोकरी सोडणाऱ्याचा त्या वर्षाचा बोनस बुडत नाही, आणि मिळालेला बोनस केवळ राजीनाम्यापायी परत घेता येत नाही. 'मी बोनसवरचा हक्क सोडतो' असे लिहून घेतले असले, तरी कायदेशीर बोनसपुरता तो करार निरर्थक ठरतो.

दुसऱ्या प्रकाराचे बोनस अलीकडचे आहेत. रुजू होताना मिळणारा जॉइनिंग बोनस आणि ठराविक मुदत टिकून राहण्यासाठीचा रिटेन्शन बोनस हे त्यातले प्रमुख. 'दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास ही रक्कम परत करावी लागेल' अशी अट नेमणूकपत्रात असते. हा करारातला पैसा होय. बोनस कायद्याचे संरक्षण त्याला नाही. अट स्वीकारून रक्कम घेतली असेल तर ती परत मागण्यास मालकाला सामान्यतः आधार असतो. तथापि त्या आधारालाही मर्यादा आहेत.

अशा अटींचा इतिहास आपल्याच जिल्ह्यातून जातो. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये १९६३ साली एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर रुजू झाला. मुदतीपूर्वी सोडल्यास सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यायची आणि मुदत संपेपर्यंत तशाच दुसऱ्या कारखान्यात काम करायचे नाही, अशी त्याला अट होती. तो अधिक पगारावर कोट्याच्या कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुदतीपुरती ही मनाई वैध ठरवली. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तीन वर्षे नोकरी न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट मान्य केली. सार्वजनिक बँकेला नवी भरती खर्चिक जाहीर प्रक्रियेनेच करावी लागते आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने ही रक्कम अवाजवी नाही, ही त्यामागची कारणे होती.

हे निकाल दाखवून खाजगी मालक कर्मचाऱ्यांना धाक घालतात. परंतु १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ असे, की करारात आकडा कितीही मोठा लिहिला असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देईल. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. तेव्हा दोन वर्षांच्या अटीपैकी वीस महिने काम केलेल्या माणसाकडून पूर्ण रक्कम मागणे वाजवी आहे काय, हे विचारलेच पाहिजे. करकपात होऊन हातात सत्तर हजार पडले आणि परत मात्र एक लाख मागितले जातात, याचा जाबही विचारला पाहिजे.

मालकाच्या हातातले खरे हत्यार मात्र न्यायालय हे नव्हे. शेवटचा पगार अडवणे आणि अनुभवपत्र न देणे, हे ते हत्यार होय. नवी नोकरी तोंडावर असलेला माणस मुकाट्याने पैसे भरतो. म्हणून ध्यानात ठेवा: राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत देणे संहितेने बंधनकारक केले आहे. कोणत्याही वेतनकाळातली एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक करता येत नाही. बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत दिला पाहिजे. नोकरी सोडलेल्यानेही तो लेखी मागावा. थकलेल्या रकमेचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

कार्यकर्त्यांकडून माझी अपेक्षा एवढीच, की कोणी असा कागद घेऊन आला तर त्याला प्रथम विचारा: हा बोनस वर्षभराच्या कामाचा आहे, की थांबून राहण्याची आगाऊ किंमत आहे? पहिला असेल तर त्यातला एक रुपयाही परत करू नये. दुसरा असेल तर हिशेब मागावा आणि वाजवी तेवढेच द्यावे. आणि सही करण्यापूर्वीच कोणी विचारायला आला, तर सर्वांत उत्तम. आगाऊ रकमेला बोनस म्हणणे मालकाच्या सोयीचे आहे, कारण त्यामुळे खरा बोनसही परत मागण्याजोगी मेहेरबानी वाटू लागतो. १९२४ च्या समितीचे मत अशा रीतीने मागल्या दाराने परत येऊ देता कामा नये.