चढाला गाडी का गचकते?



आज आपण मोटारसायकलविषयी बोलू. आम्ही दोघे भाऊ काही मिस्त्री नव्हे. आमचा धंदा शेतीचा आणि दुधाचा. पण एका पावसाळ्यात गाडीने आमचे जे हाल केले, ते ऐकून तुमचे चार पैसे वाचतील, म्हणून सांगतो.

आमची गाडी जुनी, कार्बोरेटरची. रोज सकाळी तिच्यावर दुधाचे दोन कॅन लादायचे आणि डेअरी गाठायची. वाट ९ किलोमीटरची. मध्ये ओढा लागतो, ओढ्यापुढे चढ. ८ वाजले की तिथे दूध घेणे बंद.

जुलै महिन्यात गाडी चढाला गचके देऊ लागली. सपाटीला बरी चाले. चढ आला, मूठ पिळली, की पुढे जायचे सोडून अंग झाडी. म्हैस पाण्यातून वर आली की झाडते ना, तशी! एक दिवस भर चढावर ती बंद पडली आणि मागून ट्रक आला. कसेबसे कडेला झालो म्हणून वाचलो. दूध उशिरा पोचले. त्यांनी ते घेतले नाही. दोन कॅन दूध परत घरी.

गाडी एका गॅरेजात नेली. तिथे न बघताच सांगितले, "क्लच गेला." नव्या क्लच प्लेटा घातल्या. आठवड्याच्या दुधाचे पैसे गेले. गाडी तीन दिवस नीट चालली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच!

आमची आई साक्षरतेच्या वर्गात जाऊन लिहायला शिकली आहे. दुधाची वही तीच लिहिते. तारीख, लिटर, फॅट. हात बसावा म्हणून ती जास्तीचेही लिही. 'पाऊस' लिही. 'गाडी अडली' लिही. एक दिवस तिने वही आमच्यापुढे टाकली. म्हणाली, "आरं पोरांनो, हे बघा जरा. रातीला पाऊस झाला की सकाळी गाडी अडतीया. कोरड्या दिवशी कुठं अडतीया?"

आम्ही पाहिले. सहा वेळा गाडी अडली होती. सहाही वेळा आदल्या रात्री पाऊस होता. क्लचला पावसाचे काय? म्हणजे पाणी कुठे तरी शिरत होते.

आता थोडे नीट समजून घेऊ. गाडी गचकते तेव्हा आधी कान द्यावा. इंजिनाचा आवाज एकसारखा आहे आणि गाडीच हिसके खाते, तर दोष चेनमध्ये, चेनच्या चाकांत, मागच्या चाकातल्या रबरांत किंवा क्लचमध्ये असतो. चेन सैल असेल तर मूठ पिळताच ती झटक्याने ताणते. गाडी बंद करून, गिअर काढून चेन बोटाने हलवून पाहावी. साधारण २ ते ३ सेंटिमीटर हलावी. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

पण आवाजच तुटत असेल, 'मिसिंग' होत असेल, तर इंजिनाला तीनपैकी काही तरी कमी पडते: हवा, पेट्रोल किंवा ठिणगी. उभ्या गाडीला रेस देऊन हे नेहमी कळत नाही बरे का! रिकामी गाडी थोडक्यावर भागवते. ओझे आणि चढ असला की तिला पेट्रोल जास्त लागते, ठिणगीही जोरदार लागते. तेव्हा दोष उघडा पडतो.

आमच्या गाडीचा आवाज तुटत होता. एअर फिल्टर पाहिला, तो साफ होता. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढला. टोक बिस्किटाच्या रंगाचे होते, म्हणजे प्लग बरा. काजळीने काळा असता तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, असे समजलो असतो. प्लगच्या टोपीतही ओल नव्हती.

राहिले पेट्रोल. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते. तिला पेट्रोल सोडायचा स्क्रू असतो. अंगणात, चुलीपासून दूर, विडी-काडी बाजूला ठेवून आम्ही तो सैल केला आणि पेट्रोल काचेच्या बाटलीत धरले. थोडा वेळ बाटली हलवली नाही. पाहतो तो दोन थर! वर पेट्रोल, खाली गढूळ पाणी.

तुम्ही म्हणाल, पाणी होते तर गाडी सपाटीला कशी चालली? पाणी जड, ते वाटीच्या तळाशी बसते. गाडी हळू असते तेव्हा पेट्रोल थोडेच ओढले जाते. मूठ पिळली की मोठे जेट जोराने ओढू लागते, आणि ते असते तळाजवळ. मग पेट्रोलाबरोबर पाणीही वर जाते. पाणी काही जळत नाही.

आणखी एक. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२५ सालापर्यंत त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल उसापासून, मक्यापासूनही होते. त्याला पाण्याची ओढ फार. पाणी शिरले की ते पाण्याबरोबर खाली बसते.

पाणी आले कुठून? आम्ही गाडी ओसरीलगत लावत होतो. पागोळ्या नेमक्या टाकीच्या झाकणावर पडत. झाकणाचे रबर चिरलेले. पाणी बाहेर जायचे बारीक भोक मातीने बुजलेले.

टाकी पूर्ण रिकामी केली, वाळवली. भोक तारेने मोकळे केले. रबर नवे घातले, त्याला किंमत ती काय! काढलेले घाण पेट्रोल चुलीत किंवा विहिरीकाठी ओतू नका. आम्ही ते झाकणबंद डब्यात घालून गॅरेजवाल्याला दिले. तो थोडा ओशाळला.

एक सांगायचे राहिले. २०२० सालानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही. तिथे पंप दाबाने पेट्रोल देतो. ते घरी उघडू नका. मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो का, ते पाहा. गचके कधी बसतात ते लिहा आणि मिस्त्रीला वाचून दाखवा.

गाडी आता गोठ्यात असते. त्या पावसाळ्यात पुढे आणखी चारदा रात्री पाऊस झाला. आईने चारदा 'पाऊस' लिहिले. पुढची जागा कोरी आहे.