जुन्या लाकडी वस्तूंचे जतन
(व्याख्यानाचा संक्षेप)



उत्सव जवळ आला की देवळातील पालखी आणि घरोघरचे देव्हारे दुरुस्तीस निघतात. रंधा फिरतो, तैलरंगाचा हात बसतो आणि वस्तू नवी झाल्याचे समाधान सर्वांस लाभते. परंतु त्या एका दिवसात जे तासले जाते, ते कितीही देणगी जमविली तरी परत मिळत नाही.

भालकीकरांस याचे प्रमाण शोधावयास दूर जाणे नको. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महाल अली बरीदशहाच्या कारकिर्दीत (१५४२-१५८०) सजविला गेला. तेथील कोरीव लाकडी खांब व काळ्या पाषाणात जडविलेले शिंपल्याचे काम आजही पाहावयास मिळते. खांबांवरील छिन्नीची रेघ हीच त्या अनाम सुताराची स्वाक्षरी होय. तीवर रंधा फिरला असता, तर नुसते लाकूड उरले असते.

म्हणून हत्यार उचलण्यापूर्वी वस्तू नीट पाहावी. छिद्रांखाली ताजी भुकटी पडत असेल, तर कीड जिवंत असण्याचा संभव असतो. प्रथम तिचा बंदोबस्त करावा. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने काढावी. पाण्याने लाकूड फुगते व वाळताना तडकते. जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. सरस ऊब व ओलावा मिळाल्यास सुटतो, त्यामुळे जाणता कारागीर सांधा न मोडता उकलू शकतो. खिळ्याने मात्र लाकूड चिरते आणि पुढे गंज धरतो. लाखेचे पॉलिश स्पिरिटने उतरविता येते. तैलरंग कोरीव कामाच्या खाचा बुजवून टाकतो.

जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिचे सूत्र येथेही उपयोगी आहे: तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नवा भाग मुळाशी शोभावा, तरी वेगळा ओळखू यावा.

अर्थात पालखी ही पूजेतील वस्तू आहे. तिची दांडी कमकुवत झाली असेल, तर ती बदललीच पाहिजे. तेथे भोयांच्या खांद्यांचा प्रश्न असतो. मात्र काढलेली दांडी चुलीत न घालता देवळातच ठेवावी आणि काय बदलले, केव्हा बदलले, याची नोंद देवस्थानच्या वहीत छायाचित्रासह करावी. पूर्वजांनी सोपविलेली ठेव पुढील पिढीच्या हाती ओळख न बुजविता देणे, हेही महाजनांच्या सेवेचे एक अंग आहे.