बाटलीतला पीच

गुलाबाचं अत्तर निघतं, केवड्याचं निघतं. पीचचं मात्र निघत नाही. गर कितीही उकळा, हाती लागतो तो जॅम! म्हणून सुगंधकारांनी रसायनशाळेचं दार ठोठावलं. तिथे मिळाला गॅमा-अनडेकालॅक्टोन. थेट हुंगला तर जड, तेलकट. थेंबभर विरळ केला की पिकल्या पीचची लवदार साल नाकाशी धरल्यासारखा. १९१९ मध्ये पॅरिसचे सुगंधकार जाक गेर्लां यांनी तो ‘मित्सुको’ या अत्तरात वापरला, दगडफुलाच्या कुळातल्या ओकमॉसच्या ओलसर, मातकट वासासोबत. नुसता पीच सरबती वाटला असता. ओकमॉसने त्याला भारदस्तपणा दिला. आणि हा गॅमा-अनडेकालॅक्टोन बनवण्याचा एक रुळलेला मार्ग एरंडेलापासून निघतो. हो, लहानपणी नाक दाबून प्यायला लावायचे तेच एरंडेल!