वर्षभरासाठी या
(नवेगाव बांध येथील मेळाव्यातील भाषण)



नोकरीतून निवृत्त झालेले किंवा लांब रजा मिळू शकणारे अनेक जण विचारतात, "आदिवासी गावात आम्ही काय करणार?" माझे म्हणणे असे, की आठ दिवसांसाठी येऊ नका, वर्षभरासाठी या.

इथले जीवन ऋतूंबरोबर चालते. पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे मोह वेचायला मुलेही आईबरोबर जातात. शाळेतली हजेरी का घटते, हे त्या दिवसांत इथे राहणाऱ्यालाच कळते.

पुण्याचे विलास मनोहर हेमलकशाला आले आणि व्यवसाय सोडून १९७३ साली सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाचे कार्यकर्ते झाले. प्रत्येकाने आयुष्यच द्यावे असे नाही. पण वर्ष देता येईल.

निवृत्त कारकुनाचा अनुभवही इथे मोलाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर अर्ज आणि पुरावे नीट जोडावे लागतात. मात्र सगळे कागद स्वतः लिहू नका. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा, तिच्याकडून लिहून घ्या. तुम्ही परत गेल्यावर पुढचा दावा तिला लिहिता आला पाहिजे. नाहीतर तुमच्याबरोबर कामही निघून जाईल.

येण्यापूर्वी घरच्यांशी बोला, वर्षाच्या खर्चाची तजवीज करा, मच्छरदाणी विसरू नका. पहिले तीन महिने फक्त ऐका, थोडी गोंडी शिका. गावाला काय हवे, ते गावच सांगेल.