छापील चिमट्याची साक्ष

हे संमेलन करवीर नगरीत, म्हणजे कोल्हापुरात, भरले आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या या गावाला चित्राचे कौतुक नवे नाही. तरी व्यंगचित्राला आपण अजून कलेच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसवतो. माझे म्हणणे एवढेच, की छापील व्यंगचित्र हे समाजाच्या इतिहासाचे अस्सल साधन आहे.

त्याची ताकद रसिकांआधी सत्तेने ओळखली. फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याने शिळाछापाच्या चित्रात राजा लुई फिलिपला प्रजेचा पैसा गिळणारा राक्षस दाखवले, आणि १८३२ साली त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. १८३५ च्या फ्रेंच कायद्याने तर लेखाला न लागणारी पूर्वपरवानगी चित्राला सक्तीची केली. कारण उघड आहे : ज्याला अक्षर लागत नाही, त्यालाही चित्र लागते. आपल्याकडे १८८२ मध्ये कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावरील नुसत्या मजकुरासाठी टिळक-आगरकरांना डोंगरीचा तुरुंग पाहावा लागला. तिथे चित्राची धास्ती किती असेल! मात्र मराठी व्यंगचित्राने सरकारइतकेच स्वतःचे घरही तपासले. जवळच्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी अंधश्रद्धेवर आणि जुनाट रूढींवर कुंचला चालवला.

यावर कोणी म्हणेल, व्यंगचित्र मुळातच विपर्यास करते, मग त्याची साक्ष कशी मानायची? पण मूळ गोष्ट पाहणाऱ्याला ठाऊक असेल, तरच अतिशयोक्तीचे हसू येते. म्हणून त्या काळी सर्वांना काय ठाऊक होते, हे हास्यचित्रातून नेमके कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा चिमटा नेहमी बलवानालाच बसला असे नाही. दोमिएने १८४४ मध्ये लिहित्या स्त्रियांची खिल्ली उडवली. ‘हिंदू पंच’ या नियतकालिकाने गोपाळ कृष्ण गोखल्यांवर एवढे तोंडसुख घेतले, की १९०९ मध्ये त्यांना अब्रुनुकसानीचा दावा लावावा लागला. हे खरेच आहे. पण त्यामुळे साक्ष खोटी ठरत नाही, दुहेरी होते : ज्याला हसले त्याच्याबरोबर हसणाऱ्याचे पूर्वग्रहही कागदावर उमटतात.

म्हणूनच ही चित्रे रद्दीत जाता कामा नयेत. १८५० पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांत जुन्या नियतकालिकांतील व्यंगचित्रांची सूची व्हावी, असा ठराव या संमेलनाने करावा, अशी विनंती करतो.