आपली पाळी येण्यापूर्वी
(जुईनगर येथील व्याख्यानाचा मजकूर)



सभेत बोलावे कसे आणि त्याची तयारी घरी कशी करावी, या विषयावर मी आज आपणांशी बोलणार आहे. हा विषय पुढाऱ्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. ही समजूत घातक आहे. जुईनगरमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाला वर्षभरात किती ठिकाणी तोंड उघडावे लागते, याचा हिशेब करून पाहा. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा असते. शाळेत पालकांची सभा असते. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी जात पडताळणी समितीपुढे उभे राहण्याचा प्रसंग येऊ शकतो.

अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा केंद्राच्या कायद्याने १९९० साली मान्य केला. परंतु कायद्याच्या पुस्तकातला हक्क टेबलापलीकडच्या माणसाला सांगावा लागतो. वकिलीच्या व्यवसायात मी असे पुष्कळदा पाहिले आहे की, कागद सारे बिनचूक असतात, पण अधिकाऱ्याने “बोला, काय म्हणणे आहे?” असे विचारताच माणसाची वाचा बसते. “साहेब, सगळे कागदात आहे,” एवढे म्हणून तो गप्प होतो. कागदात जे नसते, नेमके तेच त्याला विचारलेले असते! सभेत तर गप्प बसणाऱ्याची संमतीच गृहीत धरली जाते. ठराव मंजूर होतो, इतिवृत्तात “एकमताने” असा शब्द पडतो, आणि ज्याच्या मनात विरोध होता तोही त्या एकमतात मोजला जातो.

या उणिवेची जाणीव बाबासाहेबांना होती. म्हणूनच सार्वजनिक जीवनात उतरू इच्छिणाऱ्यांना शिक्षण देण्यासाठी त्यांनी मुंबईत एक विद्यालय काढले. ते १ जुलै १९५६ रोजी सुरू झाले. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. त्या विद्यार्थ्यांपुढे डिसेंबर महिन्यात स्वतः बाबासाहेब वक्तृत्वावर व्याख्यान देणार होते. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते व्याख्यान झालेच नाही, आणि मार्च १९५७ मध्ये विद्यालयही बंद पडले. १९५६ हे वर्ष धम्मदीक्षेचे आणि त्यांच्या ढासळत्या प्रकृतीचे. अशा वर्षीही त्यांनी या विषयासाठी वेळ राखून ठेवला होता. बोलणे ही जन्मजात देणगी नसून शिकण्याची विद्या आहे, हेच त्यातून सिद्ध होते.

ते व्याख्यान आपल्याला मिळाले नाही. पण त्यांचा आचार आपल्यापुढे आहे. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू असताना अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी अचानक त्यांचे नाव पुकारले. आपल्या आधी पुष्कळ वक्ते असल्याने आपली पाळी इतक्यात येईल असे वाटले नव्हते, तयारी करून आलो असतो तर बरे झाले असते, असे त्यांनी आरंभीच सांगितले. आणि तरीही ते भाषण त्या सभागृहातील संस्मरणीय भाषणांपैकी एक ठरले. ठरावात हक्क सांगितले आहेत, पण हक्क मोडला तर त्यावर उपाय कोणता, हे सांगितलेले नाही, ही उणीव त्यांनी तेथल्या तेथे दाखवून दिली.

हे कसे घडले? १९१९ साली साउथबरो समितीपुढे, १९२८ साली सायमन कमिशनपुढे, १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी हाच विषय मांडला होता. त्या दिवशीचे टिपण हाती नसेल. पण सत्तावीस वर्षांचा अभ्यास पाठीशी उभा होता. तात्पर्य, तयारी शब्दांची करावयाची नसते, विषयाची करावयाची असते. पाठ केलेले भाषण एक वाक्य विसरताच कोसळते. विषय ठाऊक असलेल्या माणसाला मात्र एक शब्द निसटला तर दुसरा सापडतो.

आता ही तयारी कशी करावी, ते सांगतो. प्रथम आपले मागणे एका वाक्यात लिहा. ते एका वाक्यात मावत नसेल, तर काय मागावयाचे हे आपलेच अजून ठरलेले नाही, असे समजा. त्याखाली तीन कारणे लिहा, आणि प्रत्येक कारणासमोर तारीख, रक्कम किंवा कागदाचे नाव घाला. “पाणी नीट येत नाही” हे गाऱ्हाणे झाले. कोणत्या तारखेपासून, किती वेळ, आणि तक्रार अर्ज कधी दिला, हे सांगितले की त्याचा मुद्दा होतो. मग एक काम करा, जे वकील नेहमी करतो: समोरचा काय उत्तर देईल ते त्याच्या बाजूने, जितके बळकट करता येईल तितके करून लिहा, आणि त्यावर आपले उत्तर शोधा. हे सारे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावले पाहिजे. सभेत तेवढाच कागद हाती ठेवा.

त्यानंतर सराव. मनातल्या मनात वाचणे हा सराव नव्हे. उभे राहा, घड्याळ समोर ठेवा आणि मोठ्याने बोला. तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द होतात. सभेत बहुधा तेवढाच वेळ मिळतो. विषय ठाऊक नसलेल्या घरातल्या माणसाला ऐकवा. आजीला किंवा शाळकरी मुलाला. ऐकून झाल्यावर “मी काय मागितले?” एवढेच विचारा. उत्तर चुकले तर दोष ऐकणाऱ्याचा नाही. असे तीन दिवस, रोज एकदा करा. मागच्या रांगेतल्या माणसाकडे पाहून बोलण्याची सवय लावा, म्हणजे आवाज आपोआप पोहोचतो. भीती वाटेल, ती पहिल्या दोन वाक्यांत सर्वांत अधिक असते. म्हणून तेवढी दोन वाक्ये मात्र पाठ असू द्या. आणि सभा आपल्या विरुद्ध गेली तर शेवटी एक वाक्य विसरू नका: “माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा.”

आणखी एक गोष्ट. आपल्या विहारात आणि जयंतीच्या मंचावर तेच चार जण वर्षानुवर्षे बोलतात, आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. भगिनींच्या वाट्याला स्वागत आणि आभार येतात. ज्या समाजासाठी १९२० साली “मूकनायक” हे नाव धारण करून पाक्षिक काढावे लागले, त्याने आपल्याच घरात नवे मुके निर्माण करावेत काय? जुईनगरच्या प्रत्येक विहाराने असा नियम करावा की, दर पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे अशा व्यक्तीला मिळतील, जी आजवर कधी बोललेली नाही. त्या दिवशी तिच्या चुका कोणी काढू नयेत. पुढच्या पौर्णिमेला तिनेच नव्या व्यक्तीची तयारी करून घ्यावी. वर्षाला बारा माणसे बोलती होतील.

संविधानाच्या एकोणिसाव्या कलमाने भाषणाचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले आहे. ते वापरण्याचे बळ मात्र घरच्या सरावातून येते. तुमची पाळी कधी पुकारली जाईल, हे कोणी आधी सांगत नाही. आज रात्री जेवणे आटोपली की घरातल्या एकाला उभे करा, घड्याळ समोर ठेवा, आणि तीन मिनिटे शांतपणे ऐका.

जयभीम!