पिनांचे क्रमांक

इलेक्ट्रॉनिक भागांची लायब्ररी सांभाळणाऱ्या मंडळींशी आज मला एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे, ती म्हणजे पिन-क्रमांकांची तपासणी. सिम्बॉल हे तलाठ्याचे दप्तर मानले, तर फुटप्रिंट ही प्रत्यक्ष जमीन होय, आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे केवळ गट क्रमांक. तोच क्रमांक दप्तरात दुबार लागला, अथवा लागायचा राहून गेला, तर खरेदीखत कितीही सुवाच्य असले तरी ताबा कोणाचा हे ठरत नाही.

अल्टियम या सर्किट-आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुबार पिन, क्रमांकहीन पिन आणि अनुक्रमात सुटलेला क्रमांक या तिन्ही हरकती स्वतंत्रपणे चालू वा बंद करता येतात. तिसरी हरकत वारंवार उद्भवते, कारण उच्च दाबाच्या काही चिपांत अंतर राखण्यासाठी एखादी पिन मुद्दाम काढून टाकलेली असते. म्हणून कंटाळून तिन्ही बंद करून टाकणारे लोक आहेत, आणि हे वर्तन मला मुळीच मान्य नाही. तिसरीही चालूच ठेवा. तुटलेला अनुक्रम डेटाशीटशी ताडून पाहा आणि नोंदीत तसा शेरा लिहा. पहिल्या दोहोंना मात्र कोणतीही सवलत नको.

परंतु तपासणी निर्वेध पार पडली म्हणजे नोंद खरी ठरली, असे समजू नका. ७८०५ या धन व्होल्टेज-नियामकात १ आवक, २ भूमी, ३ जावक. ७९०५ या ऋण व्होल्टेज-नियामकात १ भूमी, २ आवक, ३ जावक. पहिल्याचा सिम्बॉल नक्कल करून कोणी दुसऱ्याचे नाव दिले, तर क्रमांक तीनच, दुबार एकही नाही, सुटलेला एकही नाही. सॉफ्टवेअर बिनतक्रार मंजुरी देते, आणि बोर्डावर ऋण पुरवठा थेट भूमीच्या पिनेवर जाऊन पोहोचतो. दप्तर चोख असूनही बांधावर जाऊन मोजणी करावीच लागते, आणि येथील मोजणी म्हणजे डेटाशीटमधील तक्ता, पिनेगणिक, बोट ठेवून वाचणे. पुन्हा सांगतो: तपासणी क्रमांक पाहते, त्या क्रमांकाच्या पिनेचे काम पाहत नाही.

क्यूएफएन चिपांच्या पोटाखालील उघड्या पॅडविषयी बरेच सांगायचे होते, पण वेळ संपत आला आहे. तूर्त एवढेच, की १६ पिनांच्या चिपेत त्या पॅडला १७ क्रमांक दिलात, तर सिम्बॉलमध्येही तोच लिहा.